येणाऱ्याची खुर्ची

मी डोळे उघडले तेव्हा सहा माणसं माझ्यापुढे हात जोडून उभी होती आणि सातवा माणूस संतापानं थरथरत होता.

झोपेतून उठल्यावर आपण कुठं आहोत हे कळायला माणसाला थोडा वेळ लागतो. आपण देव झालो आहोत हे कळायला जरा जास्त लागतो. मी घाईघाईनं पाय खाली घेतले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि काहीतरी करायला हवं म्हणून उलट नमस्कार केला. त्यानं परिस्थिती सुधारली नाही. सहाजणांनी जोडलेले हात आणखी थोडे वर नेले.

त्यांच्यात पुढे साठीच्या एक बाई होत्या. सुती पातळ, काळ्या काड्यांचा चष्मा, हातात सोनचाफ्याचं एक फूल. त्या फुलाची रोजची जागा बहुधा मी अडवली होती, कारण बाई एकदा फुलाकडे आणि एकदा माझ्या मांडीकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"काय शोधत आहात?"

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं साताऱ्याहून निघालो होतो. अर्धा प्रवास उभ्यानं झाला होता. डोकं अजून जागं झालं नव्हतं, त्यामुळे खरं तेच तोंडून गेलं.

"बसायला जागा."

बाईंच्या चेहऱ्यावर जे पसरलं, त्याला समाधान म्हणायचं की आणखी काही, हे तेव्हा मला कळलं नाही. पण सातव्या माणसाचा बांध फुटला.

"अहो, हे साधक नाहीत! हे संघाचे चौबळ! या खुर्चीच्या चौकशीला आलेत, आणि तिच्यावरच बसलेत!"

इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तासगावात त्या काळी कोणाचीही पूजा होत असे.

आमचा संघ म्हणजे कृष्णाकाठ एकेश्वर उपासक संघ. देव एक, मूर्ती नाही, पुजारी नाही, जातपात नाही, रविवारी सकाळी प्रार्थना. एवढं मानणारी जी मंडळं आमच्या भागात होती, त्यांना वक्ते पुरवणं, प्रार्थनेची पुस्तकं पुरवणं आणि त्यांची भांडणं फार वाढू न देणं हे संघाचं काम. मंडळं साडेचार होती. अर्धं कऱ्हाडचं, तिथं एक वैद्य आणि त्यांची बहीण होती आणि बहीण फक्त उन्हाळ्यात यायची. शिवाय ज्यांच्या गावात मंडळच नव्हतं असे 'एकांडे साधक' होते. त्यांना आम्ही तीन महिन्यांनी एक पत्रक धाडत असू. विट्याच्या एका साधकानं विचारलं होतं की एकेश्वर मानून खंडोबाला गेलं तर चालेल का. संघानं कळवलं, एका वेळी एक असेल तर चालेल.

मी या संघाचा प्रवासी कार्यवाह होतो. तर्कशास्त्रात एम.ए. केल्यावर माणसाला जे मिळू शकतं ते मला मिळालं होतं. मुलाखतीत मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की देव एक आहे की एकही नाही, याचा माझा अजून निर्णय झालेला नाही. अध्यक्ष धुरंधरकाका म्हणाले, "फरक फक्त एकाचाच आहे. चालेल." माझं नाव त्यांनी एकांड्या साधकांत घातलं, कारण कोणत्याही मंडळात बसेल असा मी त्यांना दिसलो नाही.

त्या वर्षीच्या संमेलनात 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाले तेव्हा तासगावचे माईणकर सर उभे राहिले. हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. उंच, सरळ, खडूसारखे पांढरे. म्हणाले, "सांगायला लाज वाटते. आमच्या मंडळात मूर्तिपूजा सुरू झाली आहे."

सभागृहात कोणाचा तरी चमचा कपात पडला.

"कोणाची मूर्ती?" धुरंधरकाकांनी विचारलं.

"खुर्चीची."

"खुर्चीत कोण आहे?"

"कोणी नाही. तेच तर म्हणतोय मी! लोक गणपती पूजतात, त्याला निदान सोंड तरी आहे. आमच्याकडे रिकामी खुर्ची पूजतात. आणि यात पुढाकार श्रीमती नलिनी माईणकर यांचा आहे."

"या आपल्या कोण?"

"पत्नी," सर म्हणाले आणि खाली बसले.

धुरंधरकाकांनी मला बाजूला घेतलं. "जाऊन या, चौबळ. खरंच पूजा होत असेल तर खुर्ची साताऱ्याला घेऊन या. आपल्या कचेरीत एक कमीच आहे. देत नसतील तर संघाशी संबंध संपला म्हणून सांगा."

आता कोणी विचारेल, खुर्चीची चौकशी करायला गेलेल्या माणसाला खुर्ची ओळखता येऊ नये? पण सरांच्या भाषणानंतर माझ्या डोळ्यांपुढे सिंहासन होतं. शेंदूर, हार, निदान एक घंटा. मी लवकर पोहोचलो, उपासनागृह उघडं होतं, आत सतरंज्या, भिंतीला दोन बाकं, आणि पंख्याखाली वेताची एक जुनी हातांची खुर्ची. मी पंखा लावला आणि बसलो. पुढचं सांगितलंच.

मी उठू लागलो तर चाफा देणाऱ्या त्या बाईंनी, म्हणजे नलूताईंनी, हातानं थांबवलं. "बसा. प्रश्न विचारून झालाय. आता उपासना होईपर्यंत उठायचं नसतं."

तेव्हा ती सगळी उपासना मी त्या खुर्चीत, सर्वांकडे तोंड करून, हातात चाफा घेऊन काढली. निराकार ईश्वराची स्तुती माझ्याकडे पाहत चालली होती. सर मात्र माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून गात होते. दोन वर्षं ते तसेच बसत होते असं नंतर समजलं. आवाज सर्वांत सुरेल त्यांचाच होता.

शेवटी मौन झालं आणि रावसाहेब शेट्यांनी बेदाणे वाटले. शेटे बेदाण्याचे व्यापारी. खुर्चीत काय, बाकावरही मावणं कठीण असा माणूस.

"घ्या की, चौबळसाहेब. प्रसाद न्हाई हां! अल्पोपाहार हाय. सरांनी शब्द ठरवून दिलाय."

"तुम्ही खुर्चीला नमस्कार करता?" मी चौकशी सुरू केली.

"करतो की."

"का?"

शेट्यांनी विचार केला. "सगळी करत्यात. आपुनच न्हाई केला तर गर्विष्ठ दिसतं हो."

त्यांच्याकडूनच मला खुर्चीची कथा कळली. मंडळ काढलं ते नलूताईंच्या वडिलांनी, अण्णा टेंबे वकिलांनी. खुर्ची त्यांनीच आणली आणि दाराशी ठेवली. नवा माणूस येतो तो बिचकत येतो, चपला काढू की नको करतो, कुठं बसावं कळत नाही आणि मागच्या मागं निघून जातो. तेव्हा ही खुर्ची येणाऱ्याची. तिच्यावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही, आणि जो बसेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, काय शोधत आहात. उत्तर काहीही असो, त्याला आपला मानायचं.

पुढे अण्णा गेले. दाराशी पावसाचं पाणी यायचं म्हणून खुर्ची आत घेतली. आत ती वाटेत येते म्हणून भिंतीला लावली. भिंतीवर ओल आली म्हणून पुढं आणली. पुढं आली म्हणून नलूताई तिची धूळ पुसू लागल्या. शेजारी फुलदाणी होती. ती फुटली, तेव्हा फूल बैठकीवर ठेवलं. आणि एका रविवारी कोणीतरी आत येताना सहज हात जोडले. मूर्तिपूजा काही एका दिवसात येत नाही. ती हप्त्याहप्त्यानं येते आणि प्रत्येक हप्त्याला कारण योग्यच असतं.

"मग इतक्या वर्षांत या खुर्चीवर बसलं कोण?" मी विचारलं.

"आम्ही न्हाई. निम्मी अण्णांची पाव्हणी, निम्मी त्यांची अशीलं. मी खटल्याला आलो, खटला हरलो, हितंच राहिलो. सतरंजीवर." शेट्यांनी शेवटचा बेदाणा तोंडात टाकला. "एक जण बसलेला, माझ्या आधी. त्यो कोण, ते त्याच्याच तोंडून ऐका."

जेवण सरांकडे होतं. घर उपासनागृहाच्या मागेच, अण्णांचंच. पानावर बसलो आणि लक्षात आलं की माझी चौकशी घरात फार आधीपासून चालू आहे.

"चौबळ," सर आमटीत बोट बुडवून म्हणाले, "हिला विचारा, आज गूळ घातलाय का."

"चौबळ," नलूताई भाताची मूद ठेवत म्हणाल्या, "यांना सांगा, लग्न झाल्यापासून घालत्येय."

"सांगा की संमेलनात मी जे बोललो ते तत्त्वाचं बोललो."

"सांगा की तत्त्वाबद्दल माझं काही म्हणणं नाही. 'श्रीमती' म्हणालात, त्याबद्दल आहे."

मी दोन्ही निरोप पोहोचवले. तर्कशास्त्राचा तेवढा उपयोग झाला.

सर हात धुवायला गेले तेव्हा नलूताईंनी ताकाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "खुर्ची नेणार?"

"तसं सांगितलंय."

"न्या. संघाची आज्ञा मोडायची नाही, अण्णांनीच शिकवलंय. पण मग पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. रुसून नाही हां. माझ्याच्यानं तिथं बसवणार नाही, एवढंच."

मी घास हातात धरून राहिलो. संघाच्या नियमाप्रमाणे मंडळाला किमान सात उपासक लागत. तासगावात सातच होते. सहा झाले की मंडळ मोडलं. मग वक्ता नाही, संमेलनात जागा नाही. सगळे एकांडे साधक, एकाच गल्लीत राहून एकेकटे पत्रक वाचणारे.

ओसरीवर सरांना मी हे सांगितलं.

"सात उणे एक," सर म्हणाले. "जन्मभर तेच शिकवलं मी."

"तरीही?"

"चौबळ, आज फूल आहे. उद्या छत्र येईल. मग वर्धापनदिन. पाचव्या वर्षी खुर्चीची जत्रा भरेल आणि जत्रेत पाळणे येतील. अण्णांचं मंडळ पाळण्यात जाण्यापेक्षा बंद पडलेलं बरं."

"आणि मग रविवारी सकाळी तुम्ही काय कराल?"

सर समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. एक टेम्पो गेला, एक गाय गेली.

"ते अजून ठरवलेलं नाही," ते म्हणाले.

चार वाजता सभा भरली. सातही जण सतरंजीवर. खुर्ची समोर, रिकामी. चाफा पुन्हा तिच्यावर गेला होता. मी बाकावर बसलो आणि संघाचा नियम वाचून दाखवला: कोणतीही वस्तू, व्यक्ती वा चित्र यांस उपासनेत वंदन करू नये.

"खुर्ची ही वस्तू आहे," सर म्हणाले. "सिद्ध झालं."

"नलूताई, तुम्ही खुर्चीला नमस्कार करता?" मी विचारलं.

"नाही."

"खोटं!" सर ओरडले. "दर रविवारी!"

"खुर्चीला नाही करत. येणाऱ्याला करते. तो येत नाही आणि मध्ये खुर्ची दिसते, हा काय माझा दोष?"

शेट्यांनी मांडीवर थाप मारली. सर त्यांच्याकडे असे वळले की थाप अर्ध्यातच विरली.

"हा वकिलाच्या मुलीचा युक्तिवाद झाला," सर म्हणाले. "येणारा, येणारा! कोण येतंय? आज आले ते चौबळ. त्यांना विचारलं, काय शोधता; तर म्हणे बसायला जागा! हा साधक? साधक असं उत्तर देतो? मी जेव्हा या खुर्चीवर बसलो..."

ते थांबले. मी मान वर केली.

"तुम्ही बसला होता? ते तुम्हीच?"

"हो," सर जरा आखडून म्हणाले. "नोकरीला नवा लागलो होतो तेव्हा. अण्णांनी मला हाच प्रश्न विचारला. मी एका शब्दात उत्तर दिलं. सत्य."

सभेत आदरयुक्त शांतता पसरली. हे उत्तर बाकीच्यांनी पूर्वीही ऐकलेलं असावं, कारण दोघांनी मान आधीच डोलवायला घेतली होती. आणि त्या शांततेत नलूताई हसल्या. आधी पदराआड, मग पदराबाहेर.

"हसायला काय झालं?" सरांनी विचारलं. त्या दिवसातलं बायकोला उद्देशून त्यांचं हे पहिलं वाक्य, जे माझ्यामार्फत गेलं नाही.

"अहो, मी तिथंच होते. दाराआड. पाणी घेऊन."

"मग?"

"मग काय! एवढी मोठी ट्रंक, वळकटी, आणि घामानं निथळलेले तुम्ही. बाहेर पाटी, 'सर्वांना मुक्त प्रवेश'. तुम्हाला वाटलं खाणावळ आहे. अण्णांनी विचारलं, काय शोधत आहात. तुम्ही म्हणालात," आणि इथं त्यांनी एका तरुण, भेदरलेल्या मास्तराचा आवाज हुबेहूब काढला, "'भाड्याची खोली. आणि दोन वेळच्या जेवणाची सोय झाली तर बरं.'"

शेटे छताकडे पाहू लागले, बेदाण्यांचा भाव तिथं लिहिला असावा तसे.

मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि निघून जाईल. इतकी वर्षं ज्या एका शब्दावर तो ताठ उभा होता, तो बायकोनं चारचौघांत काढून घेतला होता. नलूताईंचंही हसू थांबलं. त्यांनाही तेच वाटलं असणार.

सरांनी खुर्चीकडे पाहिलं. दोन वर्षांत प्रथमच, तोंड तिच्याकडे करून. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जेवणाचं मी त्याच वेळी नाही विचारलं," ते म्हणाले. "ते दुसऱ्या दिवशी."

"त्याच वेळी," नलूताई म्हणाल्या.

"असेल," सर म्हणाले. सत्याच्या शोधात निघालेल्या माणसानं ते सापडल्यावर याहून जास्त काय म्हणायचं?

"अण्णा आत येऊन आईला म्हणाले," नलूताई आता माझ्याकडे नाही, सरांकडे पाहून बोलत होत्या, "प्रामाणिक मुलगा आहे, देव शोधतोय असं सांगून खोली मागत नाही. मागची खोली द्या त्याला. मग काय, खोलीत राहिलात, पानावर बसलात, रविवारी पेटी वाजवायला लागलात. या खुर्चीवर एकच माणूस आला आणि तो बरा निघाला. म्हणून मी हात जोडते. वाटतं, आणखी एखादा येईल." त्या थांबल्या. "यात मूर्ती कुठली ते तुम्हीच सांगा."

सरांचे कान लाल झाले होते. साठी उलटलेल्या गणिताच्या मास्तराचे कान लाल झालेले मी तेव्हा पाहिले, त्यानंतर अजून पाहिलेले नाहीत. स्वतःविरुद्धच दोन वर्षं तक्रार चालवली हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

आता निर्णय मी द्यायचा होता. सगळे माझ्याकडे पाहत होते, सकाळसारखेच, फक्त हात न जोडता. मी नियमाचं पुस्तक चाळल्यासारखं केलं. पुस्तकात खुर्चीबद्दल काही नव्हतं.

"खुर्ची दाराशी होती तेव्हा कोणी नमस्कार करत होतं का?" मी विचारलं.

"दाराशी?" शेटे म्हणाले. "तिथं चपला असत्यात की वो. चपलांस्नी कोण हात जोडतंय!"

"मग ती दाराशी ठेवा. पाणी येतं तिथं पत्रा मारा."

"पत्रा माझ्याकडं हाय," शेटे म्हणाले. त्यांच्याकडे सगळंच असायचं.

सर उठले. कोणी पुढे व्हायच्या आत त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. नलूताई घाईनं म्हणाल्या, "अहो, फूल!"

"असू दे," सर म्हणाले. "फुलाबद्दल माझी तक्रार नव्हतीच. नमस्काराबद्दल होती." आणि खुर्ची, तिच्यावर चाफा, अशी ती मिरवणूक सतरंजीवरून दारापर्यंत गेली. वाटेत मिरवणूक हा शब्द सरांना सुचला असता तर त्यांनी खुर्ची तिथंच टाकली असती. मी सुचवला नाही.

साताऱ्याला परतलो तेव्हा धुरंधरकाका कचेरीतल्या एकुलत्या धड खुर्चीत बसले होते.

"काय, आणली का?"

"नाही आणता आली."

"का? देत नव्हते?"

"रिकामी नव्हती."

"कोण बसलं होतं?"

"मी," मी म्हणालो, आणि काय घडलं ते सांगितलं. धुरंधरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकांड्या साधकांतलं माझं नाव काढून तासगाव मंडळात घातलं. "उत्तर काहीही असो, आपला मानायचं असं टेंबे वकील म्हणून गेलेत," ते म्हणाले. "माझा नाइलाज आहे." देव एक की एकही नाही, याचा निर्णय माझा अजून झालेला नाही. पण तासगावला तेव्हापासून आठ उपासक आहेत. कोणी म्हणेल, एक प्रवासी कार्यवाह मोजून मंडळ टिकवलं. म्हणो.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. संघाची नोकरी मी कधीच सोडली, पुढे कॉलेजात लागलो, तिथूनही आता निवृत्तीला आलो. तासगावला मात्र सवडीनं जातो. उपासना ठरल्या वेळी सुरू होते आणि एस.टी. ठरल्या वेळी पोहोचत नाही, त्यामुळे पोहोचतो तेव्हा आत गाणं चालू असतं आणि सगळ्या सतरंज्या भरलेल्या असतात. म्हणजे अकरा-बारा माणसं. पण तासगावच्या मानानं तो मेळावाच. मी चपला काढतो आणि दाराशी पत्र्याखाली वेताच्या खुर्चीत बसतो. वेत दोनदा नवा विणलाय. बैठकीवर फूल असतं, ते उचलून हातात घेतो. कोणी नमस्कार करत नाही.

गाणं संपलं की नलूताई काठी टेकत दारापर्यंत येतात. त्यांना मी चांगला ठाऊक आहे, माझ्या मुलीच्या लग्नालाही त्या येऊन गेल्यात. पण रीत ती रीत.

"काय शोधत आहात?"

"बसायला जागा."

आणि आतून, खिडकीजवळून, पेटीवर हात तसाच ठेवून, मान न वळवता सर विचारतात,

"आणि जेवण?"